मधले आठ शब्द

एप्रिलमधल्या मंगळवारी सकाळी चोरवड बंधाऱ्याच्या नियंत्रण कक्षात शमीम मुल्ला फोनवर शब्द वाचत होती.

"ताक. उंबरा."

"बरोबर. आणि शेवटी चाळण, दिवा," पलीकडून घाडगेकाका म्हणाले. "झालं. अम्मीचा गुडघा कसा आहे?"

घाडगे पंधरा किलोमीटर खाली, शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात तपासनीस होते. दोन्हीकडचा रोजचा कारभार दूत पाहत. दूत म्हणजे माणसाच्या वतीने निरोप देणारी-घेणारी आज्ञावली. शहराचा दूत पाणी मागे, बंधाऱ्याचा दूत दार उघडे. मागणारा खरोखर शहराचाच आहे हे त्याच्या सहीवरून कळे, आणि सही तपासली जाई त्याच्या जाहीर चावीने. ही चावी कोणीही पाहिली तरी हरकत नसे; ती त्याचीच असली म्हणजे झालं. पण नेमकी एवढीच गोष्ट दूतांना आपापसांत ठरवता येत नव्हती. म्हणून दर तीन महिन्यांनी चावी बदलली की दोन माणसं बोलत. चावीचा लांबलचक आकडा यंत्र बारा साध्या शब्दांत मांडे. बाराही जुळले तर शमीमने 'मान्य' दाबायचं.

पहिलं वर्षभर दोघांनी बाराही शब्द वाचले. पुढे ती पहिले दोन वाचू लागली, ते शेवटचे दोन सांगू लागले, आणि मधल्या आठांच्या जागी घरच्या गोष्टी आल्या. त्यालाही आता नऊ वर्षं होत आली होती.

"अम्मी जिना चढायला लागली," शमीम म्हणाली आणि पडद्याकडे वळली. नव्या चावीबरोबर, 'मान्य' दाबताच अमलात येणारी एक मागणीही येऊन थांबली होती: दार क्रमांक तीन, तत्काळ. खाली शेरा: नदीपात्र रिकामे.

कक्षाच्या दारात चंद्राक्का उभी होती. कडेवर कळशी, काखोटीला कलिंगड. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात कलिंगडं लावणाऱ्यांपैकी ती एक. पिण्याचं पाणी ती इथून नेई. तीन वर्षांपूर्वी बंधाऱ्याचं दार उघडल्यावर त्याच पात्रात तिचा नवरा वाहून गेला होता. सही बरोबर होती, भोंगा वाजला होता, त्यानेच दुर्लक्ष केलं, असं चौकशीत ठरलं.

"आक्का, सगळे वर आले का पात्रातनं?"

"कोन आलंय वर? बारा खोपी हायत खाली. नात निजलीया माझी."

शमीमने बटणावरचं बोट मागे घेतलं. "काका, पात्र रिकामं असल्याचं कोणी पाहिलं?"

"दूतानं पाहिलं असेल. त्याचंच काम ते. दाब तू."

"बाराही शब्द वाचू या."

"नऊ वर्षांनी संशय? माझ्यावर?"

"तुमच्यावर नाही, काका."

"मग कुणावर? मीच बोलतोय ना?"

"आवो, वाचा की!" चंद्राक्का फोनकडे वाकून ओरडली. "शब्दच हायत, दात न्हाई उपटत कोन तुमचं!"

घाडगेंनी फुरंगटून सुरुवात केली. "ताक. उंबरा. विळा."

शमीमच्या पडद्यावर तिसरा शब्द सुपारी होता.

तिने 'नामंजूर' दाबलं, दाराची यंत्रणा हाताच्या ताब्यात घेतली आणि मगच पाणी प्यायली.

संध्याकाळी आलेल्या अभियंत्याने उलगडा केला. शहराची नवी चावी आठ दिवसांपूर्वीच निघाली होती. कोणीतरी ती वाटेत अडवून तिच्यासारखी दिसणारी दुसरी घडवली. "चार शब्द जुळवायला मोठ्या यंत्रांना काही दिवस पुरतात," तो म्हणाला. "बारा जुळवायला सूर्याचं आयुष्यही पुरणार नाही. पण कोणते चार पुरेत, हे त्यांना कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. खोटी चावी घडवणाऱ्यांनी दोघांचं फोनवरचं बोलणं पुरेसं ऐकलं होतं.

"बाई," कोपऱ्यातून चंद्राक्काने विचारलं, "त्या दिशीबी चारच वाचलं व्हतं?"

शमीमने जुन्या चाव्यांच्या नोंदी उघडल्या आणि एकेक पान छापायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या चाव्यांची छापील पानं घेऊन ती एसटीने शहरात गेली. फोनवरच्या आवाजाचाही आता भरवसा वाटत नव्हता. चंद्राक्का न विचारता सोबत आली. घाडगेंनी आपल्याकडची मूळ नोंद काढून ठेवली होती. चहा कोणी मागितला नाही. एकेक पान घेऊन दोघं समोरासमोर बाराही शब्द वाचू लागले. एक पान जुळलं. दुसरं जुळलं. असं करत ते तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलवर आले, चंद्राक्काचा नवरा गेला त्या महिन्यावर.

पहिले दोन शब्द जुळले. चावी खोटी असली तरी ते जुळणारच होते.

घाडगेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या पानावर बोट ठेवून शमीम त्यांच्याकडे पाहत राहिली. चंद्राक्का दोघांकडे पाहत होती.

"काका," शमीम हळूच म्हणाली, "तिसरा आधी कोणी वाचायचा?"