ताईचा हिरवा कर्सर

हे खरं घडलंय. मला कोणाला काही पटवून द्यायचं नाही. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टर उडवत आलोय.

अशा गोष्टी म्हणे मध्यरात्री घडतात. माझी भर दुपारी घडली. आमच्याच घरात, मधल्या खोलीत, जेवणं उरकल्यावर.

आधी ताईबद्दल सांगतो.

ताई छापखान्यात पानं लावायची, म्हणजे मजकूर आणि चित्रं पानावर मांडायची. छापखाना बंद पडला आणि ती घरी बसली. म्हणजे लोकांना तसं वाटलं. तिने दार लावून घेतलं आणि फुकटचे व्हिडिओ बघून वेबसाइट करायला शिकली. ना क्लास, ना कोणी गुरू. वर मलाही ओढलं.

"ठोंब्या, बस इथे. नुसता मोबाइल घासण्यापेक्षा हे कर."

ती तिच्या खोलीत, मी मधल्या खोलीत, पण फाइल एकच. एका फाइलमध्ये दोघं असले की दुसऱ्याचा कर्सरही आपल्या पडद्यावर फिरताना दिसतो. माझा निळा. तिचा हिरवा, खाली बारीक अक्षरात 'ताई'.

छापखान्यातली एक सवय तिने सोडली नव्हती. पान झालं की ती ते सगळंच्या सगळं उलटं करायची. डोकं खाली, पाय वर. सुलटं पान आपण वाचत बसतो, उलटं केलं की मोकळ्या जागा दिसतात, असं तिचं म्हणणं. जागा सरकवून झाल्या की पान पुन्हा सुलटं. हे कुठल्याही व्हिडिओत शिकवत नाहीत.

मग तिला स्वतःचं पहिलं काम मिळालं. पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंची वेबसाइट. ताईला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्या नादात तिने ताप अंगावर काढला. आई झोप म्हणाली की हिचं ठरलेलं, एवढं पान झालं की झोपते.

दवाखान्यातून ती परत आलीच नाही.

काम अर्धं राहिलं. बाई सज्जन, सावकाश करा म्हणाल्या. मी ठरवलं, ताईचं काम आहे, पुरं करायचंच.

त्या दुपारी फाइल उघडली. आई आत आडवी झाली होती. पंख्याचा तेवढा आवाज. मी एक फोटो लावला, वर मथळा टाकला आणि पाणी प्यायला उठलो.

परत आलो तर...

पान उलटं होतं.

माझाच हात लागला असेल म्हणून ते सुलटं केलं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला... खुर्चीच्या चाकांचा. ताई टेबलाशी सरकून बसायची, तसा.

पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा कर्सर होता.

खाली 'ताई'.

भिंत धरत तिच्या खोलीत गेलो. खुर्ची रिकामी. लॅपटॉप मिटलेला, वर चार्जरची वायर गुंडाळलेली, मीच ठेवली होती तशी. झाकण उघडून बटण दाबलं. बॅटरी पार मेलेली.

मधल्या खोलीत परतलो तेव्हा कर्सर काम करत होता. मथळा जरासा खाली... फोटोच्या बाजूला थोडी जागा... मग पान उलटं झालं. थांबलं. पुन्हा सुलटं झालं.

फार सुंदर दिसत होतं ते. मी हमसून हमसून रडलो.

काम संपलं की फाइल बाईंच्या नावावर करायची आणि आम्ही दोघांनी त्यातून बाहेर पडायचं, असं ठरलेलं होतं. म्हणजे ताई पुन्हा जाणार. मला ते नको होतं. म्हणून मी रोज सकाळी काहीतरी बिघडवून ठेवायला लागलो. फोटो तिरके करायचो, ओळी विस्कटायचो. दुपारी खुर्ची सरकायची... आणि ती नीट करत बसायची. मी तिच्याशी गप्पा मारायचो.

हळूहळू तो कर्सर मंद झाला. एक ओळ सरकवायला अख्खी दुपार जायची. मध्येच थांबायचा... थरथरायचा... पुन्हा कामाला लागायचा.

एकदा मागे वळलो तर दारात आई. कधीची उभी होती कोण जाणे. मला वाटलं, घाबरेल. ती सरळ पुढे आली. 'ताई' ही अक्षरं वाचली. आणि पडद्यावर हात ठेवला... आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"ताप आहे रे हिला," आई म्हणाली. "आणि तू कामाला लावलंयस."

मी हात लावला. पडदा कढत होता.

"एवढं झालं की झोपते म्हणाली होती. झोपू दे आता पोरीला."

मी विस्कटलेलं सगळं स्वतःच्या हाताने लावलं. पान उलटं करून जागा बघितल्या, सुलटं केलं. हिरवा कर्सर बाजूला थांबून होता. फाइल बाईंच्या नावावर केली. ताईचं नाव काढायला मात्र माझा हात उचलेना. आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून बटण दाबलं.

शेजारच्या खोलीत खुर्ची मागे सरकली...

मग पलंग करकरला.

नंतर काही नाही.

बाईंची वेबसाइट छान चालू आहे. फाइल सोडण्याआधी मी तिच्यात कोणी कधी काय बदललं त्याची नोंद बघितली होती. सगळे बदल माझ्याच नावावर. मी ताईच्या खोलीत तिचा लॅपटॉप उघडत होतो, त्या वेळचेसुद्धा. याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही.

आता ही कामं मी एकटाच घेतो. परवा दुपारी ताईच्या पलंगावरची चादर बदलायला गेलो, तर आईने दारातच अडवलं.

"राहू दे," ती अगदी हळू म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

मी आत बघितलं नाही. दार लोटून घेतलं.