शेजारच्या सीटवरचं वजन

संध्याकाळचे सहा वाजून तेरा मिनिटं. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. डोरीन टँडीनं खोकं मागच्या सीटवर ठेवलं आणि गाडी स्लेटन टेकडीच्या चढाला लावली. हसू नका पोरांनो, डोरीन झबल्यात होती तेव्हापासून मी तिला ओळखतो. ती खोटं बोलणारी नाही.

खोक्यात या टेकडीवरच्या मोटार-शर्यतीचा चांदीचा कप. दर वर्षी जिंकणाऱ्याचं नाव कोरून तो वर क्लबात पोचवायचं काम तिचंच. त्यावरचं सगळ्यात पहिलं नाव कर्नल फॅनशॉचं, १९११. त्या शर्यतीत कर्नलच्या शेजारी बसला होता मेकॅनिक अँब्रोज, डोरीनचा पणजोबा. वळणावर गाडी उलटू नये म्हणून बाहेर झुकायचं, हे त्याचं काम. क्लबच्या वहीत अशा माणसाचं नाव नसायचं. लिहायचे, 'वजन: एक'. चढावरच्या कोपर-वळणावर अँब्रोज बाहेर फेकला गेला, तो जागीच गेला. कर्नल थांबला नाही. दोन सेकंदांनी जिंकला.

गेल्या नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी सकाळीच डोरीननं क्लबचा चिटणीस हार्कट याला फोन केला होता. "साहेब, कर्नलच्या खाली पणजोबांचं नाव कोरू का? फुकट कोरते."

"अगं, कप गाडी चालवणाऱ्याचा असतो," तो हसला. "उद्या टायरचंही नाव घालशील!"

ते हसणं मनात घोळवत ती कोपर-वळणाशी आली.

टिंग.

शेजारच्या सीटचा पट्टा लावा, म्हणून लाल दिवा लागला. सीट तर रिकामी. वजन पडल्याशिवाय तो दिवा लागत नाही...

टिंग. टिंग.

जळक्या एरंडेलाचा वास आला. त्या काळच्या गाड्यांत तेच तेल घालत. तिनं बाजूला पाहिलं नाही. पाहवेना. थांबावं... पण इथंच?

सीट करकरली. दाराच्या बाजूला... झुकल्यासारखी.

"पणजोबा?"

तिनं हात लांबवला. लेकीला रोज बांधते तसा पट्टा ओढला. खटकन लावला. पट्टा सैल पडला नाही. कशावर तरी ताणून बसला.

आवाज थांबला. गाडी वळली. कुणी पडलं नाही.

वर हार्कट दारातच उभा. "उशीर केलास," म्हणाला, खोकं घेतलं आणि आत गेला. कपावर ते नाव आजही नाही.

पण तिची गाडी आत्ता या खानावळीच्या मागं उभी आहे. बॅटरी घेऊन जा, बघून या. शेजारच्या सीटला माणूस बसल्याएवढा खळगा पडलाय... तो अजून वर आलेला नाही.

कप काही सांगणार नाही. म्हणून तुम्ही सांगा, घरी, जाल तिथं, भेटेल त्याला. वजन म्हणू नका. अँब्रोज टँडी म्हणा.