मागच्या सीटवरचा ताप

पटलं तर घ्या, पण यात पदरचं एक अक्षर नाही. ज्यांच्यावर ही वेळ आली ते भिकनमामा आजही हयात आहेत. रोज पहाटे काकड्याला टाळ धरतात.

फक्त गाडीच्या मागच्या सीटवर कोणाला घेत नाहीत.

गाव सुरत. डिंडोलीतली एक चाळ. साल सत्त्याण्णव, मार्गशीर्षातला गुरुवार, दुपारचे साडेतीन.

हो, दुपारचे. असल्या गोष्टींना रात्रच लागते असं नाही.

दगा हा मामांचा शेजारी. शेजारी कसला, भाऊच. दोघे शिरपूरकडचे, दोघे एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवणारे. दगाकडे राजदूत मोटारसायकल होती. चौऱ्याण्णवच्या प्लेगात दगा गेला, आणि गाडी चाळीमागच्या बोळात बारदानाखाली तीन वर्षं उभी राहिली.

त्या वर्षी चाळीत कीर्तनाचा सप्ताह ठरला. बुवा नाशिकहून रेल्वेने उधन्याला उतरणार. त्यांना आणायचा मान मामांना मिळाला, कारण गाडीचं थोडंफार त्यांनाच कळायचं. दगाची बायको भागीरथी स्वतः किल्ली घेऊन आली. म्हणाली, सडून जाण्यापेक्षा देवाच्या कामी येऊ द्या.

मामांनी किल्ली घेतली. तिच्याकडे बघितलं मात्र नाही.

चार दिवस ते गाडीपाशी बसले. टाकीतलं जुनं पेट्रोल काकवीसारखं झालं होतं, ते ओतून टाकलं. कार्बोरेटर धुतला. सायलेन्सरमधून कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, दोन्ही ट्यूब नव्या टाकल्या. शेजारच्या प्रमिलाबाई येता-जाता टोमणा मारायच्या, “पुसा, पुसा. तोवर बुवा पायी येऊन आरती करून परत जातील.”

सगळे हसायचे. मामाही हसायचे.

पण प्लगपाशी आले की हात थांबायचा.

कारण त्या दिवशी गाडी बिघडलेली नव्हतीच...

चौऱ्याण्णवचे गणपती नुकतेच गेले होते. प्लेगची आवई उठली आणि सुरत रिकामी होऊ लागली. जो तो तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे पळत होता. भागीरथी तेव्हा माहेरी होती, बाळंतपणाला. दगा खोलीत एकटा, अंगात भट्टीसारखा ताप.

तो भिंतीला धरून दारात आला. म्हणाला, “भिकन, गाडी काढ भो. दवाखानामा लई चाल.”

मामांनी गाडी काढली. पण दगा मागे बसणार, त्याचा श्वास मानेवर येणार... घरात दोन लहान लेकरं.

खाली वाकून मामांनी प्लगची टोपी उपटली, ठिणगीच पडू नये म्हणून. मग किक मारली. सात वेळा मारली. घाम पुसला.

“चालूच नई व्हई राहिनी, दगा.”

 दगा नुसता बघत राहिला.

त्याच संध्याकाळी मामा बायकोमुलांना घेऊन गावी निघून गेले. पंधरा दिवसांनी परतले तेव्हा चहावाल्याने सांगितलं. दगा भिंती धरत पायी निघाला होता. दोन कोस चालला. सरकारी दवाखान्याच्या फाटकापाशी पडला तो उठलाच नाही. लोक म्हणाले, प्लेग नव्हता, साधा हिवताप होता.

हे पाप मामांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आता ठरवलं होतं, बुवांना आणायचं आणि सप्ताह उठायच्या आत भागीरथीच्या पायावर डोकं ठेवायचं.

तर त्या गुरुवारी लाईट बंद म्हणून लूमला सुट्टी होती. एरवी कान किटवणारी खटखट बंद. बोळात इतकी शांतता की थेंब पडला तरी ऐकू यावा.

मामांनी पहिली किक मारली.

गाडी चालू झाली. पहिल्याच किकेला.

आणि मागची बाजू... हळूच खाली दबली.

कोणी बसावं तशी.

मामांनी मान वळवली. सीट रिकामी. पण मागची दोन्ही पायदानं उघडलेली होती. सकाळी त्यांनी स्वतः पुसून मिटवली होती.

वाटलं, स्प्रिंग जुन्या झाल्या असतील. निघाले. रस्त्याला लागले तसा पाठीला शेक लागू लागला... उन्हाचा नाही. ऊन तर तोंडावर होतं.

तापलेल्या माणसाचा.

उधन्याच्या नाक्यावर स्टेशनकडे हँडल वळवलं. गाडी बंद पडली. किक मारली, चालू झाली. पुन्हा वळवलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मामांनी हँडल सैल सोडलं.

गाडी सरळ निघाली. दवाखान्याच्या रस्त्याने.

आजूबाजूला रिक्षा होत्या, लॉऱ्या होत्या, माणसं होती. आवाज कशाचाच नव्हता. फक्त मानेशी एक श्वास... ओढून घेतलेला.

मामा रडत होते. तोंडाने नाम घेत होते, तेही त्यांना ऐकू येत नव्हतं.

दवाखान्याच्या फाटकापाशी गाडी आपोआप थांबली.

मागची बाजू हळूच वर आली.

पाठ एकदम गार पडली. आणि सगळे हॉर्न एकाच वेळी कानावर आले.

बुवा तासभर स्टेशनवर ट्रंकेवर बसून होते. रागावले नाहीत, भला माणूस. फक्त बसताना सीटवर हात ठेवून म्हणाले, “अहो, आजारी माणूस उतरवून आलात का? अंथरूण असतं ना तापकऱ्याचं, तशी गरम लागतेय.”

मामांनी किक मारली.

चाळीत पोचले तर मांडवाच्या दारात भागीरथी उभी. डोळे रडून सुजलेले. मामांना वाटलं, कळलं हिला. बरं झालं. ते पाय धरायला वाकणार, तोच ती स्वतःच वाकली आणि मामांच्या पायांवर डोकं ठेवलं.

दुपारी तिचा जरा डोळा लागला होता. दगा आला होता म्हणे. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

“भाऊ, तुम्ही त्यासले दवाखानामा लई गयात, हाई माले कोणीच सांगं नई. आज त्यासनीच सांगं. म्हणतस, भिकननी माले गाडीवर पोचाडं.”

मग हुंदका आवरत म्हणाली, “मी समजत होते एकटेच चालत गेले. तीन वर्षं तेच डोळ्यासमोर यायचं. आता निदान झोप तरी लागेल.”

मामांनी तोंड उघडलं...

तिच्या चेहऱ्याकडे बघितलं...

आणि मिटलं.

रात्रीच्या कीर्तनात बुवांनी बुक्का लावायला बोट पुढे केलं, तेव्हा मामांनी कपाळ मागे घेतलं. लोकांना वाटलं, नम्रपणा.

तेव्हापासून दर भाऊबीजेला भागीरथीमावशी मामांना ओवाळते. सख्ख्या भावाआधी. मामा पाटावर मान खाली घालून बसतात. ती लोकांना सांगते, प्लेगात जिथे बाप लेकाला शिवत नव्हता, तिथे या माणसाने माझ्या मालकाला पाठीशी बसवून नेलं.

मागच्या महिन्यात मामांनी मला हे सगळं सांगितलं. मी म्हणालो, मामा, दगाभाऊंनी तुम्हाला माफ केलं.



मामा म्हणाले, “माफ केलं असतं तर मला सांगितलं असतं रे. तिला का सांगितलं? आता मी कोणाचे पाय धरू?”