पाचशे एकावी

लाईट गेली आणि मामाला भुताच्या गोष्टींचा जोर चढला. "ऐकीव नाही हं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं आहे." दर वेळी असंच म्हणतो.

त्या माणसाला सगळे दाढी म्हणत. वेबसाइटवर खोटी गर्दी सोडणं हे त्याचं काम. कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की पाचशे खोटे ग्राहक साइटवर शिरत. ती तग धरते का ते कळे. मग एकेक बाहेर पडे. नोव्हेंबरची बारा तारीख होती, ऑफिसात तो एकटाच. सात दहाला टेस्ट सोडली. साडेनऊपर्यंत पाचशेच्या पाचशे बाहेर पडले, पण प्रोग्राम काही बंद होईना.

"टाइमआउट विसरला असेल," मी म्हणाले. "किती वेळ वाट पाहायची ते सांगितलं नाही की बसतो लटकून. कंट्रोल-सी दाबून थांबवायचं, मामा. भूत कसलं त्यात?"

"दाबलं. दोनदा."

मग दाढीने कोण अडकलंय ते शोधलं. एकच जोडणी उघडी होती. सात दहापासून. पाचशेंच्या यादीत तिचा नंबरच नव्हता.



वर्षापूर्वी त्याच तारखेला अशीच टेस्ट अडकली होती. सात दहाला लेकीचा क्लास सुटला. दाढीने फोनवर सांगितलं, मी येईपर्यंत फाटकापाशीच थांब, हलायचं नाही. किती वेळ, ते सांगितलं नाही. तो साडेनऊला पोचला... ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला ती दिसली नव्हती.

"मैत्रिणीची आई घरी सोडते म्हणाली होती. ही म्हणे, नको, बाबा येतायत."



अडकलेला प्रोग्राम जबरदस्तीने मारायचा हुकूम असतो. किल. दाढीने दुसऱ्या खिडकीत तो टाइप केला. एंटरवर बोट ठेवलं...

नाही जमलं.

तो उठला. चालत त्या फाटकापाशी गेला. रस्ता रिकामा. एकच दिवा. बराच वेळ नुसता उभा...

"चिमे, चल घरी. झालं बाबाचं काम."

कोणी नव्हतं.

परत आला. किल तसाच होता, एंटर न दाबलेला. प्रोग्राम मात्र आपला आपण बंद झाला होता. खाली दोन ओळी.

"सकाळी मी पाहिल्या त्या," मामा म्हणाला. "आत गेले, पाचशे. बाहेर पडले, पाचशे एक."