मुल्दीच्या ट्रकमधली फुसफुस

ज्याला खोटं वाटतं त्याने खुशाल हसावं. ज्याच्यावर हे गुदरलं, तो बल्कासिम मेकॅनिकही आयुष्यभर लोकांना हसतच आला होता.

वाळवंटाकडेच्या ततावीन गावात त्याचं गॅरेज. जुलैची दुपार, तीनचा सुमार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

लमजद आपल्या सासऱ्याचा पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक घेऊन आला. सासरा, मुल्दी, दोन महिन्यांपूर्वी घाट उतरताना याच ट्रकसकट कड्यावर आदळून वारला होता. पुढचा पत्रा ठोकून घेतला आणि ट्रक पुन्हा रस्त्यावर आला.

“उस्ताद, उभ्या उभ्या इंजिन गचके खातं.”

“तुझा सासराही कायम रडायचा,” बल्कासिम म्हणाला. “ब्रेक जड लागतो म्हणे. मी म्हटलं, काका, ब्रेक ठीक आहे, पाय म्हातारा झालाय. गाढव हाकायची लायकी, आणि चालवायचा ट्रक.”

लमजद चहा आणायला गेला.

बल्कासिमने बॉनेट उघडलं. कुठूनतरी हवा आत ओढली जात होती...

फुस्स...

तो एकेका नळीवर क्लीनरचा फवारा मारत गेला. गळती असेल तिथे इंजिनचा सूर बदलतो. बदलला नाही. दोन कडक झालेल्या नळ्या त्याने तरीही बदलल्या.

फुसफुस तशीच.

वैतागून त्याने इंजिन बंद केलं.

फुस्स...

आता मात्र त्याच्या मानेवर काटा आला.

त्याने नळीचा एक तुकडा कानाला लावला, दुसरं टोक आवाजामागे फिरवलं. आवाज सरकायचा... थांबायचा... जणू हा मागे येतोय ना, बघायचा.

इंजिनाच्या ओढीने ब्रेकला जोर देणाऱ्या जाड नळीपाशी आवाज थांबला.

ही नळी बल्कासिमने कधी तपासलीच नव्हती.

खालच्या अंगाला बोटभर चीर. वरून मारलेला फवारा तिथे पोचला नव्हता. चिरेत जुनी, घट्ट बसलेली धूळ. वर्षाची तरी.

त्याने चिरेवर अंगठा ठेवला.

आतून कुणीतरी तो ओढला... सोडला... पुन्हा ओढला.

दमलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

लमजद आला तेव्हा नवी नळी बसली होती. त्याने इंजिन चालू करून पेडल दाबलं.

“केवढा हलका झाला! उस्ताद, सासरे गेले तेव्हाही ही नळी फाटलेली होती का?”

“नाही,” बल्कासिम म्हणाला. “नंतर फाटली.”

इंजिन आपोआप बंद पडलं.

ट्रक आता रोज घाट उतरतो, काही तक्रार नाही. फुसफुस गॅरेजमध्येच राहिली. कधी या बंद गाडीतून, कधी त्या. बल्कासिम एकेक बॉनेट उघडून बघत बसतो...

मुल्दीची बायको तिथून चार घरं पलीकडे राहते. तिला खरं सांगायला मात्र तो अजून गेलेला नाही.