चाळिसावी घडी

नलूचं हरीण पुरं झालं तर? या काळजीने सुनेत्राला रात्रभर डोळा लागला नव्हता. इतर बायकांना पोरांच्या गोवराची काळजी असते, पाढ्यांची असते. हिची ही अशी. इंटरला लॉजिकमध्ये वर्गात पहिली आलेली बाई, आणि कागदाच्या हरणाला भिते! स्वतःचंच हसू यायला हवं होतं. ते काही येत नव्हतं.

हरीण मुळात अच्युतचं, तिच्या नवऱ्याचं. तो फोर्टातल्या एका कचेरीत नकाशे काढायचा. वाया गेलेला ट्रेसिंगचा कागद गिरगावातल्या त्यांच्या खोलीत आणायचा आणि सहा वर्षांच्या लेकीला जनावरं करून द्यायचा. एका चौकोनातून, न कापता, न चिकटवता. हरणाची रीत त्याने गोदीत आलेल्या एका जपानी खलाशाच्या बोटांकडे बघून उचलली होती. कुठे लिहिलेली नव्हती. एकूण बेचाळीस घड्या. फुगणारी ती डोंगरघडी, आत जाणारी ती दरीघडी, ही नावं त्यानेच ठेवलेली. घडी नखाने नाही, चमच्याच्या दांड्याने दाबायची. छप्पन सालच्या जानेवारीतल्या त्या रविवारी नलूच्या अठ्ठावीस घड्या झाल्या. "बाकीच्या उद्या हं," तो म्हणाला. उद्या शहर पेटलं. परवा दूध मिळतंय का बघायला म्हणून तो बाहेर पडला, आणि नाक्यावर गोळीबार झाला.

धुळवडीच्या दिवशी नलूने एकोणतिसावी घडी घातली.

दुपारचे तीन वाजले होते. चाळ जेवूनखाऊन आडवी झालेली. नलू बंद दाराला पाठ टेकून बसली होती, मांडीवर कागद, हातात चमचा.

"ही कुणी शिकवली गं?"

"बाबा सांगतायत."

"कधी सांगितलं?"

"आत्ता. हळू बोल ना आई... मला ऐकू येत नाही."

सुनेत्राने तिला बाजूला सारून दार उघडलं. गॅलरीत कुणी नव्हतं. दोरीवरचं धोतर हलत नव्हतं. पण खोलीत वास दरवळला होता, नकाशाच्या काळ्या शाईचा. बाटली तर तिने तेराव्यालाच कचेरीत परत पाठवली होती.

तिने शेजारच्या सुमतीवहिनींना सांगितलं.

"तीनच्या ठोक्याला?" वहिनी म्हणाल्या. "जिवंतपणी कधी जेवायला वेळेवर आले नाहीत भावजी! आता बरे येतात." मग त्यांनीच डोळ्याला पदर लावला. "पोरीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढ बाई. आणि तो कागद टाक चुलीत."

सुनेत्राने दृष्ट काढली. कागद मात्र टाकला नाही.

रोज एक घडी. पाय निघाले, मान निघाली, नाकाचं टोक निघालं. सुनेत्रा आता दुपारी काही ना काही निवडायला घेऊन नलूच्या जवळ बसायची. तीन वाजायच्या आत वेणी घालायची. कुणासाठी, असं तिने स्वतःला विचारलं नाही. लॉजिकला उत्तर द्यावं लागलं असतं. वास यायचा. ती डोळे मिटून बसायची. तिला ऐकू काहीच यायचं नाही. आपण अहोंशी इतक्या वेळा भांडलो, म्हणून असेल का?

चाळिसाव्या घडीला शिंगं उभी राहिली. नलूने श्वास धरला होता, तो सोडला. "आता दोनच, आई!"

दोनच. आणि मग? शिकवायला काही उरलं नाही, तर तो कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी नलू सकाळच्या शाळेला गेली. सुनेत्राने फळीवरून हरीण काढलं आणि शिंगं अलगद उलगडली. पेटीत त्याने आणलेली चंद्रकळा होती, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला नेसायची म्हणून ठेवलेली. तिची घडी तिने मोडली नव्हती, आता मोडणारही नव्हती. मोडली ती या कागदाची.

"हे सुटलं कसं?" दुपारी नलूने विचारलं.

"हवा ओलसर आहे ना. कागद सुटतो."

नलू तिच्याकडे बघत राहिली. मग चमचा घेऊन तिने चाळिसावी घडी पुन्हा घातली.

तेव्हापासून हेच. दुपारी लेक शिंगं काढायची, सकाळी आई ती उलगडायची. पाडवा उलटला. खालून मोर्चे गेले, घोषणा गेल्या, वर तीन वाजत राहिले. दिवसातला तेवढा अर्धा तास सुनेत्रा विधवा नव्हती.

पण ट्रेसिंगचा कागद फार सोसत नाही. शिंगांपाशी आधी पांढरी रेघ उमटली, मग रेघेला भोकं पडली. आणि एका सकाळी, तिची बोटं इतकी सावध असताना, टर्र झालं. फाटलं ते थेट मानेपर्यंत.

ती भाताची शितं चेचून चिकटवायला बसली. चिकटेना. न कापता, न चिकटवता... शाळा लवकर सुटली होती. मागे नलू कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"नलू, अगं... पुरं झालं असतं तर बाबा यायचे थांबले असते. म्हणून मी..."

नलूने फाटलेलं हरीण उचललं. ती रडली नाही. मोठ्या माणसाने समजूत घालावी तशी म्हणाली,

"बाबा आत कुठे येत होते आई? बाहेरच उभे असायचे. हरीण पुरं झालं की आत सोडू, असं त्यांना सांगितलंय."

"कुणी...?"

नलूने ओठांवर बोट ठेवलं. दार लोटून घेतलं आणि त्याला कान लावला. तीन वाजायला अजून खूप वेळ होता, पण खोली शाईच्या वासाने भरून गेली होती. कडीकडे गेलेला सुनेत्राचा हात तिथेच राहिला.

नलू बराच वेळ ऐकत होती. मग वळून तिने आईच्या पदराचं टोक धरलं आणि अगदी हळू म्हणाली,

"आई... ते विचारतायत, रोज कोण उलगडायचं? ...सांगू?"