कोनाड्यातली पणती

इरा, ते दार लोटून घे आणि बस. शेषेराव माझ्या ओळखीतला आहे, अजून जिवंत आहे, म्हणून, पोरांनो, गावाचं नाव विचारू नका. रेणापूरच्या अलीकडं समजा.

तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर सरकारी खोदकाम चाललं होतं आणि शेषेराव मजुरांचा मुकादम. जुन्या विटांच्या भिंती निघाल्या, मग एक दार निघालं. दार म्हणजे झिजलेला उंबरा आणि बाजूच्या भिंतीत कोनाडा. कोनाड्यात मातीची पणती. मजुरांतल्या सरजाबाईनं ब्रशनं हलक्या हातानं ती मोकळी केली. खोदकामाचे साहेब म्हणाले, राहू द्या जागच्या जागी, सकाळी फोटो काढू.

संध्याकाळी सगळे गेल्यावर शेषेरावानं ती खिशात घातली. लेकीला दाखवू, उजाडायच्या आत परत ठेवू. मनात चोरी नव्हती हो. पण सकाळी उठायला उशीर झाला.

तो पोचला तेव्हा सरजाबाईचा डबा सगळ्यांसमोर पालथा केला होता. भाकर मातीत पडलेली. ती म्हणाली, "दादा, म्या गेले तवा पणती तिथंच व्हती. तुमी मागं थांबला व्हता की. सांगा की."

शेषेराव खाली बघत राहिला. तिला कामावरून काढलं.

तारीख बारा डिसेंबर, दोन हजार तेवीस. मंगळवार, अमावस्या. रात्री सव्वाअकराला तो पणती ठेवायला निघाला. दोन मिनिटांचं काम. खड्ड्यात उतरला, उंबऱ्यापाशी सवयीनं चप्पल काढली, कोनाड्यात हात घातला.

कोनाडा गरम होता.

दारापलीकडं अजून खोदलं नव्हतं. नुसती माती. त्या मातीत आवाज आला... ब्रशचा. हळू, हलक्या हाताचा. कुणीतरी आतून माती काढत होतं... जवळ... अजून जवळ... मग थांबलं.

"सांगा की."

पणती ठेवून, चपला हातात धरून तो अनवाणी पळाला.

सकाळी पणती सापडली. साहेब म्हणाले, "भ्याली बाई. रात्री आणून ठेवली." म्हणजे तिची चोरी पक्की झाली. शेषेराव तेव्हाही गप्प बसला. लाजेनं जीव जायची वेळ आली.

तेव्हापासून त्याच्या घराच्या दाराशेजारी भिंतीवर काजळी धरते. तिथं कोनाडा नाही, दिवा कुणी लावत नाही. चुना मारला तरी अमावस्येला परत येते.

काय म्हणालीस इरा? त्यानं सरजाबाईला सांगितलं का?

न्हाई.

दाराशेजारी तिकडं बघू नका, पोरांनो. परवाच चुना मारला होता.